पावलानं वाचलेलं प्रूफ

कोरी जागा म्हणजे काहीच नाही, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा खिळ्यांच्या छापखान्यात उभं राहायला हवं होतं. आता ते छापखाने उरले नाहीत, म्हणून मीच सांगते. तुम्हाला पानावर जे पांढरं दिसतं, ते आमच्या हातात शिसं असायचं. दोन शब्दांच्या मधे शिसं, ओळ लवकर संपली तर पुढं शेवटपर्यंत शिसं, दोन ओळींच्या मधे शिशाची पट्टी. अक्षराच्या खिळ्यापेक्षा हे शिसं उंचीला थोडं कमी, त्यामुळं त्याला शाई लागत नाही, एवढाच काय तो फरक. वजनाला कुठं कमी नाही. दिवसभर उभ्यानं काम करून संध्याकाळी मनगट जे ठणकायचं, त्यातलं निम्मं दुखणं कोऱ्या जागेचं असायचं.

माझी नात पुण्याला असते. गाण्याच्या पुस्तकांतली स्वरलिपी ती कॉम्प्युटरवर मांडते. प्रत्येक खुणेला किती रुंदी द्यायची ते म्हणे आकड्यात भरावं लागतं, नाहीतर सुरावर सूर चढतो. परवा घरी आली तेव्हा वैतागलेली होती. म्हणाली, "आजी, सूर थांबतो तिथली खूण एवढीशी, पण जागा किती खाते बघ ना!" मी म्हटलं, "खाऊ दे बाई. तिचा हक्कच आहे तो." तिला वाटलं, आजी आपली काहीतरी बोलते. मग तिला शिदोबा हवालदारांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, हे लिहून काढ. म्हणून हा उद्योग.

मी सांगलीच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम केलं. शाळा सातवीपर्यंत. नवरा माधवनगरच्या मिलमध्ये होता. मी छापखान्यात शिरले ती कागदाच्या घड्या घालायला. खिळे जुळवायला मला कुणी शिकवलं नाही. छापून झालं की खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे असतात, ते कंटाळवाणं काम बायकांकडं यायचं. टाकता टाकता उलटं अक्षर सुलटं वाचायला लागले, आणि एक दिवस जुळवायलाही लागले. आमचे फोरमन गणूअण्णा लांबून बघत होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या उंचीला पुरेल असा लाकडी पाट खिळ्यांच्या पेटीपुढं आणून ठेवला. अण्णांचं कौतुक हे असं असायचं.

अण्णांच्या हाताबद्दल काय सांगू! बोलता बोलता हात खणात जायचा आणि पाहिजे तोच खिळा घेऊन यायचा, गाईनं न बघता वासराला चाटावं तसा. त्यांचा नियम एकच, ओळ घट्ट पाहिजे. "ओळीत भोक दिसलं की समजायचं, जुळवणारा पेंगत होता," असं म्हणायचे. गिऱ्हाइकंही त्याच मताची. कृष्णाकाठचा एक ऊसवाला बागायतदार लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आला होता. चारी बाजूंनी आम्ही छान मोकळी किनार सोडली होती. तो म्हणाला, "आवं बाई, ही जागा मोकळीच ऱ्हायली की! ह्या अंगाला दोन मामा बसत्याल आन खाली धाकट्या चुलत्याचं खटलं." बसवले. पत्रिका एसटीच्या टपासारखी दिसायला लागली, पण माणूस खूश होऊन गेला. मोकळं ठेवणं म्हणजे वाया घालवणं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांच्या इतकं हाडात भिनलेलं होतं.

अशा त्या दिवसांत हवालदार आले. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. दारात एक ताठ माणूस उभा. पाठ ओळंब्यात, मिशी पिळलेली, पण मिशीखालचं तोंड आत गेलेलं.

"रामराम. छापखाना ह्योच न्हवं?"

"हो. लग्न का बारसं?" मी सवयीनं विचारलं.

"दोनीबी न्हाई, बाई. मी फौजंच्या बँडात हुतो. ट्रंपेट वाजवायचो. आता गावाकडं बँड काढलाय, त्येचं सूर छापायचं हायेत."

गाव त्यांचं आटपाडीच्या पुढं. पेन्शनीत आल्यावर त्यांनी गावातली माणसं जमवली होती. निम्मी पिढ्यान्पिढ्या लग्नात वाजवणाऱ्या घरांतली, निम्मी शेतकऱ्यांची, दुष्काळात खडी फोडून आलेली. कुणालाच सूर वाचता यायचे नाहीत. हवालदार वाजवायचे आणि बाकीचे ऐकून उचलायचे. असं दोन वर्षं झकास चाललं होतं.

"मग आता छापायची गरज काय पडली?" अण्णांनी विचारलं.

हवालदारांनी ओठ वर करून दाखवला. पुढचे सगळे दात गेलेले. "कवळी बसवून बघितली, अण्णा. पर फुकाय गेलं की ती माज्या आदी सलाम ठोकतीया. आता ह्या म्हाताऱ्यानं काय त्वांडानं प्यँ प्यँ करून शिकवावं?"

आम्ही हसलो. तेही हसले. मग खुर्चीच्या कडेवर बसले आणि खरं काम सांगितलं.

त्यांच्या गावचा जयसिंग नावाचा पोरगा लढाईत पडला होता. तार आली, गावात शोकसभा झाली. बाहेरून पाहुणे आले होते आणि त्यांना पुढं आणखी एका गावाला जायचं होतं. म्हणून भाषणं पळवली, शांत उभं राहायचं तेही निम्म्यात उरकलं. जयसिंगची आई हौसाबाई हवालदारांच्या भावकीतली. "वैनीला बायकांनी धरून घरातनं बाहीर आणली, तवर हिकडं खुर्च्या उचलाय लागलेली," हवालदार म्हणाले. आता गाव चावडीपासल्या माळावर जयसिंगच्या नावाचा दगड बसवणार होतं. "म्या वैनीला सबूद दिलाय. फौजंत वाजतंय तसं वाजंल. सावकाश चालीचं. चावडीपासनं दगडापतुर एकेक पाऊल टाकत जायाचं. पोरास्नी समदं वाजवाय येतंय, बाई. सावकाश तेवढं येत न्हाई. लग्नाच्या वराती वाजवून वाजवून पाय पळायच्या सवयीचं झाल्यात."

सुरांचे कागद त्यांनी पेन्सिलीनं आखून आणले होते. फौजेतली रेघांवरची गोऱ्या पद्धतीची लिपी पोरांना कळणार नव्हती, म्हणून त्यांनी सगळं आपल्या सा रे ग म मध्ये उतरवलेलं. पद्धत सोपी, अक्षरओळख असलेल्या पोरांना कळेल अशी. एका पावलाला एक घर. घरात एक सूर असेल, नाहीतर घाईचे दोन-चार असतील. सूर लांबवायचा असेल तर पुढच्या घरात आडवी रेघ. आणि गप्प राहायचं असेल तर घर रिकामं. चार पावलं झाली की उभी रेघ. ट्रंपेटवर कार्ड अडकवायचा पत्र्याचा चिमटाही त्यांनी खिशातून काढून दाखवला. त्यात तळहाताएवढंच कार्ड मावत होतं, म्हणून ते दोन्ही बाजूंनी छापायचं, आणि चालता चालता वाचता आलं पाहिजे.

काम माझ्याकडं आलं. आता सुराच्या खिळ्यांची गंमत बघा. 'सा' काना घेऊन ऐसपैस बसतो. 'रे' अंग चोरून उभा राहतो. 'ग' आणि 'प' मध्यम अंगाचे, 'नि' वेलांटीसकट पुन्हा रुंद. आम्ही शब्दांसारखेच सूर जुळवले. प्रत्येक घरानंतर एक बारीक शिसं, ओळ घट्ट, कुठं भोक नाही. चार सुरांचं घर आपोआप लांबलचक झालं, एकट्या रेघेचं चिमुकलं, आणि रिकामी घरं तर एकमेकांना चिकटून दिसेनाशीच झाली. अण्णांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "झकास. छापा."

हवालदार कार्डं घेऊन गेले आणि पुढच्या बाजारवारी परत आले. बरोबर मेहबूबचाचा होते, बँडातले क्लॅरिनेटवाले. त्यांना मिरजेला वाद्यांच्या दुकानात क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायची वेताची पट्टी घ्यायची होती, ती घेऊन इकडं आले होते. चाचांच्या घरात वाजवणं आजोबांपासून. अख्ख्या तालुक्यात त्यांच्या फुंकीला तोड नव्हती आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"काय, जमलं का?" मी विचारलं.

चाचा म्हणाले, "जमलं की! वरात आशी पळाली, नवरदेव मागंच ऱ्हायला."

"गप रं गड्या," हवालदार म्हणाले. मग माझ्याकडं वळले. रागावलेले नव्हते, पण चेहरा उतरलेला होता. "पोरं लांब सुरावर थांबतच न्हाईत, बाई. निम्मी फुडं, निम्मी मागं. मी वरडून वरडून दमलो. म्हनत्यात, कार्डात बगूनच वाजीवतोय. काय चुकलंय त्येच घावंना. सूर तर समदं बरुबर छापल्यात."

अण्णांनी मूळ कागद आणि कार्ड शेजारी ठेवून एकेक सूर तपासला. एकही चूक नाही. तेवढ्यात हवालदारांनी कार्ड हातात धरलं आणि म्हणाले, "अण्णा, जरा मशीन थांबवा."

मशीन थांबलं. खिळ्यांच्या पेट्यांच्या दोन रांगांच्या मधे आमची एक बोळ होती, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हवालदार टोकाला जाऊन उभे राहिले, टाच जुळवली आणि कार्ड वाचत चालायला लागले. तोंडानं सूर म्हणायचे आणि प्रत्येक घराला एक पाऊल टाकायचे. सगळा छापखाना हातातलं काम सोडून बघत होता. बाइंडिंगच्या बायका दारात आल्या. अण्णा कमरेवर हात ठेवून उभे. कितीएक प्रुफं आम्ही बघितली होती, पण चालून तपासलेलं प्रूफ कुणी बघितलं नव्हतं.

चार सुरांच्या घराशी त्यांचं पाऊल रेंगाळलं. पुढच्या आडव्या रेघांशी आले आणि पाय झपझप पडले. रिकाम्या घरांशी तर पाय हवेतच राहिला, कारण नजर उडी मारून पुढच्या सुरावर गेली होती. ते जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्याचंही पाऊल चुकलं!

"घावलं," ते म्हणाले. "कागूद पळतोय, म्हनून पोरं पळत्यात. डोळा जातो तिकडं पाय जातोय, बाई."

मला एकदम लख्ख दिसलं. जिथं सर्वांत जास्त थांबायचं, तिथंच आम्ही सर्वांत कमी जागा दिली होती. वाचणाऱ्याच्या शब्दांना लावायचा नियम आम्ही चालणाऱ्याच्या सुरांना लावला होता.

मी म्हटलं, "सगळी घरं सारख्या रुंदीची केली तर?" जुळवून बघितलं. चार सुरांचं घर मावेल एवढी प्रत्येक घराची रुंदी धरली, तर कार्ड थाळीएवढं झालं. चिमट्यात बसेना. बारीक खिळे घेतले, तर चालताना दिसेनात. दोन दिवस आमची हीच रडकथा. मग मला सुचलं, चार पावलांच्या दोन्ही अंगांना उभ्या रेघा आहेत ना, त्या प्रत्येक ओळीत एकाखाली एक, एकाच जागी आणायच्या. रेघांच्या आत मात्र थोडी उसनवारी करू. चार सुरांच्या घरानं शेजाऱ्याकडून जरा जागा घ्यावी. पण आडव्या रेघेचं आणि रिकामं घर एका सुराच्या घराहून कधीही लहान होता कामा नये.

अण्णांनी ऐकून घेतलं. "तरी ओळीत दोन सुयांच्या जाडीएवढं शिसं जास्त होतंय, मालन," म्हणाले. मग त्यांनी जे केलं ते बघून मी डोळेच मिटले. आमच्या हातून एक खिळा जमिनीवर पडला तर दिवसभर घुश्शात असणारा हा माणूस, त्यानं खणातले कोरे करकरीत 'सा' आणि 'नि' वेचले आणि कानशीनं त्यांच्या बगला घासायला बसला! एकेक खिळा उजेडात धरायचे, बोट फिरवायचे, पुन्हा दोन हात कानस. अक्षराला ओरखडा नाही, पण अंग सडपातळ. चार सूर एका घरात खांद्याला खांदा लावून बसले. असं काम करणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही. छापखाना ऑफसेटवर गेला तेव्हा ते सगळे खिळे भंगारात वजनावर गेले. घासलेले 'सा'ही गेले आणि त्यांच्याबरोबर सगळ्या कोऱ्या जागाही गेल्या. एखादा खिळा ठेवून घ्यायचं त्या वेळी डोक्यात आलं नाही, त्याची चुटपुट आहे.

नव्या प्रुफासाठी हवालदार आले आणि पुन्हा बोळीत चालले. या वेळी पाऊल कुठं अडलं नाही, कुठं धावलं नाही. टोकाला पोचून वळले आणि परत सगळं चालून आले.

चाचाही आले होते. त्यांनी कार्ड लांब धरून बघितलं. वाचता येत नसलं, सूर पोरांकडून ऐकूनच उचलत असले, तरी रिकाम्या घरांची लांब रांग दिसत होतीच. "हवालदार, ह्या मोकळ्या जागंत म्या काय वाजवायचं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजे? वरातीत येवढी जागा घावली तर मी तीन हरकती टाकीन."

"म्हाईत हाय मला. म्हनूनच सांगतोय. काय न्हाई वाजवायचं. निस्ती पावलं."

"आरं मग छापलीया कशाला?" चाचा म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. हवालदार हसले नाहीत. "मेहबूब, पोरं कार्डाकडं न्हाई, तुज्याकडं बगत्यात. तू थांबलास तर ती थांबत्याल." चाचांनी कार्ड हवालदारांच्या हातात परत दिलं आणि नुसते "बगू" म्हणाले.

दगड बसवायच्या दिवशी अण्णा आणि मी एसटीनं गेलो. हवालदारांचं आमंत्रण होतं, आणि खरं सांगायचं तर जीव टांगणीला लागला होता. आमचं काम लोकांच्या हातात गेलं की आम्हाला पुन्हा दिसत नाही. पत्रिका कुठं जाते, कोण वाचतं, कुणाला ठाऊक! हे काम मात्र चालताना दिसणार होतं.

चावडीपुढं गाव जमलेलं. हौसाबाई या वेळी पुढंच बसलेली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. पाहुण्यांची गाडी उशिरा आली. भाषणं झाली, आणि बँड उभा राहत होता तोच पाहुण्यांबरोबरचा एक माणूस हवालदारांकडं आला. हळू बोलला, पण मी शेजारीच होते. "जरा आटोपतं घ्या. साहेबांना पुढं जायचंय. एक तुकडा वाजवा आणि हार घालू."

पोरांनी ते ऐकलं. एकमेकांकडं बघायला लागली. एकानं तर चिमट्यातलं कार्ड काढायला हात लावला. पुन्हा तेच होणार होतं, त्याच बाईच्या डोळ्यांदेखत. हवालदार स्वतः वाजवू शकत असते तर प्रश्न नव्हता, पण त्यांच्या हातात काठीशिवाय काही नव्हतं. ते त्या माणसाला एवढंच म्हणाले, "जी. कार्डात हाय तेवढंच वाजवू." मग पोरांपुढं पाठमोरे उभे राहिले आणि पहिलं पाऊल टाकलं.

बँड निघाला. मी आणि अण्णा कडेनं चालत होतो. मी वाजणं ऐकत नव्हते, पायच बघत होते. चार सुरांचं घर आलं. पाय जागच्या जागी, घाई नाही. लांब सूर आला, फुगत फुगत माळावर पसरला आणि पावलं त्याच्याखाली एकेक करून पडत राहिली. अण्णा ओठांतल्या ओठांत घरं मोजत होते.

मग रिकामी घरं आली. चाचांनी क्लॅरिनेट ओठांपासून काढून छातीशी धरलं. त्यांच्याकडं बघून सगळ्यांची वाद्यं खाली आली. नुसती पावलं. मातीवर चपलांचा, बुटांचा, काही अनवाणी पायांचा एकच आवाज. एवढं मोठं गाव, पण कुणी खाकरलं नाही. चाचांची बोटं क्लॅरिनेटच्या भोकांवर वळवळत होती, मी बघितली. तिथं केवढं काय वाजवता आलं असतं त्यांना! पण त्यांनी वाजवलं नाही. त्या माणसाबद्दल मला तेव्हा जे वाटलं, ते मोठमोठ्या गवयांबद्दलही पुढं कधी वाटलं नाही. मघाचा निरोप्या पाहुण्यांच्या कानाशी लागला, तर पाहुण्यांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि तेही पावलात पाऊल टाकून चालायला लागले.

दगडाशी पोचेपर्यंत सगळं कार्ड वाजवून झालं, दोन्ही बाजूंनी. शेवटचा सूर संपल्यावर हार घातले गेले. पाहुणे हौसाबाईला नमस्कार करून गेले. गाडीची धूळ खाली बसली, तरी लोक उभेच होते.

हौसाबाई दगडाजवळ गेली. त्यावर कोरलेलं नाव तिला वाचता येत नव्हतं, तिनं बोटांनी चाचपलं. रडली नाही. मग वळून हवालदारांना म्हणाली, "भावजी, तवा सगळ्यास्नी जायाचं हुतं. आज कुनी घाई क्येली न्हाई."

हवालदारांनी मान हलवली.

"पुन्यांदा वाजवशीला का?" तिनं विचारलं. "मगाशी माजं निम्मं ध्यान त्या गाडीकडं हुतं."

हवालदारांनी पोरांकडं बघितलं. पोरं न सांगता चावडीकडं चालत निघाली, सगळ्यांत पुढं मेहबूबचाचा. जागेवर उभं राहून सगळ्यांनी चिमट्यातली कार्डं उलटून पहिली बाजू वर केली. मागोमाग हवालदार आले आणि हौसाबाईही आली, पण या वेळी ती बसली नाही. हवालदारांच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि दोघांनी एकदमच पाऊल उचललं.